भरतीवर श्वास घेणारी दोन झाडं

गिरगाव चौपाटीपासून शिवडीची जेट्टी सरळ रेषेत सात-आठ किलोमीटरवर आहे. चौपाटीच्या वाळूत तिवराचं एक झाडही नाही. शिवडीला मात्र हार्बर लाइनच्या स्टेशनातून उतरून गोदामांच्या रस्त्याने पूर्वेकडे चालत गेलं, की जेट्टीच्या अंगाला तिवरांचं रानच लागतं. दोन्हीकडे समुद्र तोच, पाण्यातलं मीठ तेवढंच, ऊन तेच, पाऊस तोच. मग एका किनाऱ्यावर झाड उगवतं आणि दुसऱ्यावर का उगवत नाही?

उत्तराचा पहिला भाग नकाशावरच दिसतो. गिरगाव आणि दादरचे किनारे पश्चिमेला, उघड्या अरबी समुद्राकडे तोंड करून आहेत. पावसाळ्यात तिथे लाटा थेट आपटतात आणि पायाखालची वाळू सतत जागा बदलते. कोवळं रोप तिथे मूळ धरायच्या आतच उपटलं जातं. शिवडीची बाजू बंदराच्या आत आहे. मुंबई बेट लाटांना आडवं उभं राहतं, आणि मागच्या शांत पाण्यात नद्या-खाड्यांनी आणलेला बारीक गाळ हळूहळू खाली बसतो. झाडाला टेकायला जागा मिळते ती या गाळात.

पण ती जागा कसली आहे, हे नीट समजून घेतलं की आश्चर्याने थक्क व्हायला होतं. दिवसातून दोनदा खारं पाणी चढतं, दोनदा उतरतं. उधाणाच्या दिवसांत मुंबईची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. खालचा चिखल इतका गच्च, की त्यात हवा शिरत नाही. अशा जागी झाड जगतं कसं, आणि तिथे जगायला त्याला नेमकं काय लागतं? खारफुटीतली दोन झाडं शेजारी ठेवून पाहिली तर हा प्रश्न उलगडतो. एक तिवर, शास्त्रीय नाव ॲव्हिसेनिया मरिना. दुसरं पांढरी चिप्पी, म्हणजे सोनेरॅशिया आल्बा.

दोघांची ओळख

शिवडीच्या आणि माहीमच्या चिखलावर बहुतेक सगळा पसारा तिवराचा आहे. पान लांबट, वरून चकचकीत हिरवं, खालून राखाडी-रुपेरी. वारा आला की सगळं रान एकदम फिकट दिसतं ते पानांची ही खालची बाजू वर आल्यामुळे. लोकलमधून माहीमची खाडी ओलांडताना दिसणारी हिरवी किनारही मुख्यतः याचीच.

पांढरी चिप्पी मन भरून पाहायची तर सिंधुदुर्गातल्या खाड्यांकडे जावं. लालबाग-परळच्या चाळींतून गणपतीला गावी जाणाऱ्या कितीतरी घरांची गावं अशाच खाड्यांच्या काठी आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर तिथल्या महिला पर्यटकांना होडीतून खारफुटी दाखवतात. चिप्पीचं पान जाड, मांसल आणि टोकाला गोलसर असतं. फळ हिरवं, गोल, खाली चांदणीसारखा पसरलेला देठाकडचा भाग. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष, म्हणजे खारफुटीचा वृक्ष, म्हणून मान दिला. असा वृक्ष ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

दोन्ही झाडांची कुळं वेगळी. तिवराचं नातं अडुळशाच्या कुळाशी, चिप्पीचं मेंदीच्या आणि डाळिंबाच्या. एकमेकांपासून इतक्या दूरच्या घराण्यांतली ही झाडं समुद्राच्या कडेला आली, तेव्हा दोघांपुढे अडचणी त्याच होत्या. काही अडचणींची उत्तरं दोघांनी सारखीच काढली, तर काहींची अगदी वेगळी.

चिखलातला श्वास

पहिली अडचण हवेची. झाडाची मुळं जिवंत असतात, त्यांना प्राणवायू लागतो. साध्या मातीत कणांच्या मधल्या पोकळ्यांतून हवा खेळते. खाडीच्या चिखलात त्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात, आणि पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारपट कमी असतो. वरच्या पातळशा थराखाली तो जवळजवळ संपतोच. तिथले जिवाणू मग समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. ओहोटीला खाडीकाठी येणाऱ्या वासात शहराच्या सांडपाण्याचा वाटा आहेच, पण सडक्या अंड्यासारखी जी उग्र झाक असते ती या वायूची. खारफुटीचा चिखल स्वच्छ खाडीतही खाली काळा असतो आणि त्याला तो वास असतोच.

यावर तिवर आणि चिप्पी दोघांनी एकच तोड काढली आहे. दोघांचीही मुख्य मुळं खोल जात नाहीत. ती चिखलात आडवी, खोडापासून दूरवर पसरतात, आणि त्यांच्यातून ठरावीक अंतराने काही मुळं सरळ वर, आकाशाच्या दिशेने वाढतात. ही श्वसनमुळं. तिवराची बारीक, बोटाएवढी, दाटीवाटीने उभी. चिप्पीची बुंध्याशी जाड आणि टोकाकडे निमुळती. दोन-तीन मीटर उंचीच्या एका तिवराला अशी दहा हजारांहून जास्त श्वसनमुळं असू शकतात. जेट्टीवरून ओहोटीला खाली पाहिलं, तर जो काटेरी गालिचा पसरलेला दिसतो तो रोपांचा नव्हे. ती मोठ्या झाडांची नाकं आहेत.

प्रत्येक श्वसनमुळावर बारीक छिद्रं असतात. आत भुसभुशीत, हवेने भरलेला गाभा असतो, जो थेट खालच्या आडव्या मुळांपर्यंत पोचतो. छिद्रांतून हवा आत जाते, पाणी मात्र जात नाही, कारण छिद्रांच्या कडा पाण्याला झिडकारतात.

खरी कमाल यापुढे आहे. भरती चढते, श्वसनमुळं बुडतात, छिद्रं बंद होतात. आतली मुळं तरीही श्वास घेतच असतात. साठवलेला प्राणवायू ती वापरतात. बदल्यात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळून निघून जातो. त्यामुळे मुळांच्या आतला हवेचा दाब उतरत जातो. पाणी ओसरून छिद्रं उघडी पडली, की बाहेरची ताजी हवा त्या कमी दाबाच्या पोकळीत आपोआप ओढली जाते. लोहाराचा भाता जसा हाताने चालतो, तशी ही मुळं समुद्राच्या चढउताराने चालतात. आपल्याला वाटतं की भरती झाडाला बुडवते. प्रत्यक्षात तीच भरती झाडाला पुढचा श्वास घ्यायला लावते.

हे सगळं कल्पनेतून आलेलं नाही. पेर शोलँडर या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर हा प्रयोग केला आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या तिवराच्या अमेरिकी भाऊबंदाच्या मुळांतला वायू त्यांनी भरती-ओहोटीबरोबर मोजला. कांदळ या खारफुटीतल्या आणखी एका झाडाच्या मुळांवरची छिद्रं त्यांनी ग्रीस फासून बंद केली, तेव्हा चिखलातल्या मुळांमधलं प्राणवायूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

मुंबईने हाच प्रयोग न मागता पाहिला आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. सांडलेलं इंधन तेल भरतीबरोबर खाड्यांत शिरलं आणि खारफुटीच्या मुळांवर त्याचा काळा थर बसला. झाडाच्या बुंध्याला कुणी हातही लावला नव्हता, तरी संकट केवढं होतं ते वरच्या प्रयोगावरून कळतं. प्लास्टिकच्या पिशव्या आणि भरावाची माती हेच काम सावकाश करतात. मुळं मातीखाली गाडली गेली, की तोडल्याशिवायही झाड मरतं.

मिठाशी दोन करार

दुसरी अडचण मिठाची. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी स्वभावतः मिठाकडे ओढलं जातं. म्हणजे खाऱ्या चिखलातून गोडं पाणी काढायचं तर झाडाला उलट्या दिशेने जबरदस्त ओढ लावावी लागते. ही ओढ मोजायचं साधन शोलँडरनेच रूढ केलं. खारफुटीच्या फांद्यांमध्ये त्याला हवेच्या साध्या दाबाच्या तीस ते साठपट इतका ताण आढळला. पानांतून बाष्प उडत राहतं, त्या ओढीने पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो आणि मुळांच्या पडद्यांवर बहुतेक मीठ बाहेरच अडतं. ना पंप, ना वीज.

तरी थोडं मीठ आत येतंच. तिथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

तिवर आत आलेलं मीठ बाहेर टाकतं. त्याच्या पानांवर मीठ सोडणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. कोरड्या दिवशी दुपारी पान निरखून पाहिलं तर मिठाचे कण चमकताना दिसतात. बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट चव लगेच कळते. चिप्पीकडे अशा ग्रंथी नाहीत. ती दारातच जास्त कडक असते. शोलँडरच्या मोजमापांत मीठ टाकणाऱ्या झाडांच्या रसात समुद्राच्या साधारण एक दशांश मीठ निघालं, आणि न टाकणाऱ्यांत त्याच्याही सुमारे एक दशांश. तरीही जे पोचतं ते चिप्पी आपल्या जाड, पाणीदार पानांत पातळ करून साठवते, आणि जुनी पानं गळतात तेव्हा त्यांच्याबरोबर ते निघून जातं.

या फरकामुळे दोघांची पोच ठरते. मीठ आवडतं म्हणून कुणी खाऱ्या पाण्यात राहत नाही; दोघांचीही वाढ जोमदार होते ती पाऊस-नदीचं पाणी मिसळलेल्या निमखाऱ्या पाण्यात. प्रश्न सोसण्याचा आहे. चिप्पी समुद्राच्या पाण्याइतका खारटपणा सोसते, त्यापलीकडे ती थकते. तिवर समुद्राच्या दुप्पट खाऱ्या जागीही तग धरतं. म्हणूनच ते मिठागरांच्या बांधांवर, वर्षातले कित्येक महिने ऊन पिणाऱ्या खाजणातही खुरटं का होईना, उभं असतं. थंडीच्या बाबतीतही तसंच. चिप्पी उष्ण प्रदेश सोडत नाही. तिवर लाल समुद्राच्या वाळवंटी काठापासून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या गार किनाऱ्यापर्यंत पोचलं आहे.

दिवसाचं फूल, रात्रीचं फूल

तिवराची फुलं पिवळी-केशरी, इवलीशी, नखाहूनही लहान. त्यांना मंद वास आणि भरपूर मध. दिवसभर मधमाश्या त्यांच्यावर असतात.

चिप्पीचं फूल संध्याकाळी उमलतं. शेकडो पांढरे पुंकेसर एकदम फुलून येतात आणि अंधारातही उठून दिसतात. सकाळपर्यंत त्यांचा सडा पाण्यावर पडलेला असतो. एका रात्रीच्या या मैफलीला पतंग आणि वटवाघळं येतात. मलेशियात याचा एक विलक्षण धागा सापडला. तिथल्या लोकांचं लाडकं फळ ड्युरियन. त्याची फुलं एका जातीची वटवाघळं फळवतात. पण ड्युरियन वर्षातले थोडेच दिवस फुलतो. उरलेल्या काळात ही वटवाघळं रात्री कित्येक किलोमीटर उडत किनाऱ्यावर जातात आणि चिप्पीच्या जातकुळीतल्या, जवळपास बारमाही फुलणाऱ्या झाडांवर पोट भरतात. किनाऱ्यावरची खारफुटी तोडली, तर डोंगरातल्या बागेचं पीक घटण्याची भीती असते.

पिल्लू पाठवायच्या दोन रीती

तिवराच्या एका फळात एकच बी असतं, आणि ते फळ झाडावर असतानाच आत रुजलेलं असतं. पावसाळ्यात ते गळून पाण्यावर पडतं, साल सोडतं, आणि दोन जाड डाळिंब्या व इवलंसं मूळ असलेलं तयार रोपच तरंगत निघतं. चिप्पीची रीत उलटी. एका फळात शंभराच्या वर बारीक बिया. फळ तरंगतं, कुजतं, फुटतं, आणि मग त्या बिया चिखलावर रुजतात. एक आई एकुलत्या पोराला शिदोरी बांधून देते. दुसरी शेकडोंना रिकाम्या हाती पाठवते.

दोघांनाही नंतर लागतं ते एकच: थोडी सवड. भरतीवर वाहत आलेलं रोप चिखलाला टेकलं, की मूळ रुतवायला त्याला पाणी न चढणारे काही दिवस हवे असतात. रोज दोनदा पाणी आलं तर ते पुन्हा उचललं जातं. कोळी ज्याला भांग म्हणतात, ते अष्टमीच्या आसपासचे दिवस इथे कामी येतात. उधाणाच्या भरतीने वर नेऊन टाकलेलं बी भांगाच्या दिवसांत कोरडं राहतं, कारण तेव्हा पाणी तितकं चढत नाही. पुढचं उधाण येईपर्यंत मूळ पुरेसं खोल गेलं तर झाड झालं. चंद्राच्या कलांत मिळालेली ही मोजकी मुदत साऱ्या खारफुटीचा पाया आहे.

म्हणूनच चिखलाची उंची महत्त्वाची. हातभर खाली गेलं, की पाणी जास्त वेळ राहतं, सवड मिळत नाही. हातभर वर चढलं, की भरती क्वचित येते आणि मीठ साचतं. चिप्पी समुद्राकडच्या पहिल्या रांगेत, जिथे पाणी रोज खेळतं, तिथे राहते. तिवर पहिल्या रांगेतही असतं आणि थेट मागच्या, कोरड्या कडेलाही. उन्हाची मात्र दोघांना सारखीच ओढ. दाट सावलीत त्यांची रोपं वाढत नाहीत.

फिलिपिन्सचा धडा

हे ज्ञान किती कामाचं आहे ते फिलिपिन्समध्ये दिसलं. तिथे अनेक वर्षं खारफुटीची प्रचंड लागवड झाली. निवड झाली ती कांदळाच्या जातीची, कारण तिची लांबलचक रोपं गोळा करायला सोपी आणि चिखलात नुसती खोचली की उभी राहतात. ती लावली गेली समुद्राकडच्या खालच्या सपाट चिखलावर, कारण ती जागा मोकळी होती. युर्गेन प्रिमाव्हेरा या फिलिपिनो शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी एस्टेबान यांनी २००८ मध्ये या साऱ्याचा आढावा घेतला, तेव्हा दीर्घकाळ जगलेल्या रोपांचं प्रमाण जेमतेम १० ते २० टक्के निघालं. त्या पहिल्या रांगेतली तिथली मूळची झाडं कोणती? हीच दोन. तिवर आणि पांढरी चिप्पी. तिथे चिप्पीला पागतपात म्हणतात.

या दोघांचा आणखी एक गुण समोरच्या रांगेत मोलाचा ठरतो. वादळात फांद्या मोडल्या तरी त्यांच्या खोडावरच्या झोपलेल्या कळ्या जाग्या होतात आणि नवी पालवी फुटते. कांदळाच्या जुन्या खोडाला ते जमत नाही.

मुंबईसाठी

मध्य मुंबईच्या कितीतरी भागात पूर्वी हेच भरतीचं पाणी खेळत होतं. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधली खिंड १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डने बंद झाली आणि बेटांच्या मधल्या सखल भागात शिरणारा समुद्र थांबला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी किनारा भरून काढला. आज उरलेली शिवडी आणि माहीमची खारफुटी त्या जुन्या भूगोलाची शेवटची जिवंत पट्टी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिच्या तोडीवर बंदी आणली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष सुरू झाला. धारावीसमोर, कचऱ्याच्या जुन्या डेपोवर उभं राहिलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ पासून मिठीच्या काठी उभं आहे आणि त्याच्या कडेची तिवरं भरतीने स्वतः येऊन वाढली आहेत.

यापुढेही मुंबईची कसोटी हीच आहे की तोडीशिवायही खारफुटी मारता येते, हे आपण ओळखतो का. रस्त्याच्या भरावाने पाण्याची वाट अडली, तर मागची तिवरं उभ्याउभ्या वाळतात. दुसरीकडे, जिथे मोकळा चिखल आहे तो रिकामा नाही. शिवडीचे रोहित त्याच चिखलावरचं शेवाळ आणि बारीक जीव टिपायला येतात. निवट्या आणि चिंबोऱ्या तिथेच राहतात. संख्या वाढवायच्या हौसेने तिथे रोपं खोचणं म्हणजे एका जिवाची जागा दुसऱ्याला देणं.

तेव्हा खारफुटी लावण्याची मोहीम निघाली, की तीन गोष्टी विचाराव्यात. हा चिखल रोज किती तास उघडा पडतो? पाणी कुठून येतं आणि कुठून जातं? इथे कोणत्या झाडाचं बी आधीच स्वतःहून येऊन रुजलं आहे? पहिल्या दोन्हीची उत्तरं शिवडी, वरळी आणि माहीमच्या कोळीवाड्यांत रोजच्या कामात वापरली जातात, आणि तिसऱ्याचं उत्तर चिखलावर उगवलेलं दिसतं. लागवडीच्या कागदावर सही होण्याआधी त्या कोळ्यांना बोलावलं, तर तिवर आणि चिप्पी दोघांच्याही गरजा त्या कागदावर बरोबर उतरतील.